दोन धावपट्ट्यांमधले अंतर

कोणत्याही दोन विमानतळांची नावे घ्यावीत, की त्यांच्यामधले अंतर किलोमीटरांत आणि प्रवासाचा वेळ तास-मिनिटांत सांगणारा तक्ता आज कुणाच्याही हाती क्षणात येतो. दोन आकडे शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि त्यांच्याविषयी अधिक काही विचारायचे उरले आहे, असे सहसा कुणाला वाटत नाही. आम्हां मराठी शिकविणाऱ्यांची अडचण अशी, की आमचे पाऊल आकड्यापाशी न अडखळता त्याआधीच्या शब्दापाशी अडखळते. तो शब्द म्हणजे 'अंतर'.

मराठीत हा शब्द केवळ लांबी सांगून थांबत नाही. दोन गावांत अंतर असते, तसे दोन भावांच्या वागण्यातही असते. 'काही अंतराने' म्हटले की ते काळाचे असते. 'अंतरी' म्हटले की ते मनाचे होते, म्हणजे जे बाहेर मोजता येत नाही तेच. 'अंतरणे' म्हणजे मुकणे, आणि 'अंतर देणे' म्हणजे सोडून देणे. लेक सासरी निघते तेव्हा 'हिला अंतर देऊ नका' असे सांगणाऱ्या बापाच्या मनात किलोमीटर नसतात. एकच शब्द जमिनीची लांबी, काळाचा अवकाश, मनाचा गाभा आणि माणसाची ताटातूट एवढ्या सगळ्यांचा भार वाहतो, तेव्हा त्या भाषेत राहणाऱ्यांनी या चार गोष्टी एकमेकींपासून पुरत्या वेगळ्या कधी मानल्या नसाव्यात, असा तर्क करता येतो. विमानतळांचा तक्ता मात्र त्या वेगळ्या करतो. किंबहुना त्या वेगळ्या केल्याखेरीज त्याचे काम चालत नाही.

हा विचार आमच्या मनात येण्याचे कारण आमचा जिल्हा. महाराष्ट्राच्या नकाशात गोंदिया अगदी पूर्वेच्या टोकाला आहे. राजधानीतून पाहिले तर हा प्रदेश संपत आल्याची खूण. परंतु मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारा लोहमार्ग समोर ठेवला, तर चित्र पालटते. त्या सुमारे १,९६८ किलोमीटरांच्या मार्गावर गोंदिया जवळजवळ मध्यावर येते. इकडे मुंबई साडेनऊशेहून थोडी अधिक, तिकडे हावडा हजाराच्या आसपास. टोक आणि मध्य ही ठिकाणाची अंगभूत लक्षणे नसून मोजणारा कुठे उभा आहे यावर ती ठरतात, हा धडा वर्गात समीक्षेचे सिद्धांत शिकवून जितका पटत नाही तितका स्टेशनातल्या फलाटावर उभे राहिले की पटतो. सूर्याचेही तसेच. गोंदियात तो मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी डोक्यावर येतो. घड्याळे मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवितात. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबई शहर आपली सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली निराळी वेळ १९५५ पर्यंत पाळत होते. म्हणजे एकेकाळी अंतर घड्याळातही दिसत असे. आता ते घड्याळातून पुसले गेले आहे. आकाशातून पुसले गेलेले नाही.

दवनीवाडा हे गोंदिया तालुक्यातले, वैनगंगेच्या खोऱ्यातले गाव. भोवती धानाच्या बांध्या, बोलण्यात मराठी, हिंदी, पोवारी आणि झाडीबोली यांची सरमिसळ, आणि नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. गोंदिया शहर मध्ये ठेवले, तर दवनीवाडा त्याच्या एका अंगाला आणि बिरसीचा विमानतळ दुसऱ्या अंगाला येतो. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. ब्रिटिशांनी ती १९४० च्या सुमारास बांधली. त्यानंतर कित्येक दशके ती तिथे होती आणि तिच्यावरून कुठेही जाता येत नव्हते. २००५ च्या डिसेंबरपासून भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती चालवायला घेतली आणि पुढे वैमानिकांना शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था तिथे उभी राहिली. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला विमानाची ओळख झाली ती अशी. प्रवासाचे साधन म्हणून त्याने ते कधी पाहिले नव्हते. रोवणी करताना डोक्यावरून घरघरत जाणारे लहानसे पांढरे यंत्र म्हणून पाहिले होते.

शिकाऊ वैमानिकाचे उड्डाण हा अंतराच्या विचारात मोठा मौजेचा प्रकार आहे. तो उडतो, वळतो, पुन्हा वळतो आणि जिथून निघाला त्याच धावपट्टीवर उतरतो. तास मोजले जातात, इंधन जळते, नोंदवहीत आकडे चढतात आणि दोन ठिकाणांमधले अंतर मात्र शून्यच राहते. तो जे कापत असतो ते अंतर आजच्या स्वतःपासून उद्याच्या स्वतःपर्यंतचे असते, असे फार तर म्हणता येईल. परंतु या घिरट्या निव्वळ मौजेच्या नाहीत. २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान वैनगंगेच्या पात्रावर आडव्या असलेल्या तारेला धडकून कोसळले आणि प्रशिक्षक व शिकणारी तरुणी दोघेही गेले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ ला, सामान्य नागरिकाला विमानात बसविण्याचे आश्वासन देणाऱ्या 'उडान' योजनेतले पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला गेले. २०२३ च्या मार्चमध्ये बालाघाटच्या डोंगरात असाच आणखी एक अपघात होऊन आणखी दोन जीव गेले. कुठेच न जाणाऱ्या उड्डाणांनाही किंमत पडते, आणि ती देणाऱ्यांची घरे बहुधा फार दूर असतात.

आता त्या दोन आकड्यांकडे वळू. बिरसीपासून हैदराबादजवळच्या शमशाबाद विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ५१५ किलोमीटर भरते. बिरसीपासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे सुमारे ८२०. ही अंतरे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावर दोन बिंदूंमध्ये ताणून धरलेल्या दोऱ्याची आहेत. त्या दोऱ्याला नदी ठाऊक नाही, डोंगर ठाऊक नाही, पूल कुठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. रेल्वेला मात्र ते ठाऊक असते, म्हणून तिचा मुंबईचा आकडा हवाई आकड्यापेक्षा जवळजवळ दीडशे किलोमीटरांनी मोठा आणि वेळ सोळा तासांच्या आसपास. हैदराबादेला साधारण सत्तर आसनांचे पंख्याचे विमान पावणेदोन तासांच्या आत पोहोचू शकते. वेळापत्रकात छापलेला हा वेळ नुसता हवेतला नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा तो असतो. एवढी प्रामाणिकता तक्ता पाळतो. मात्र तो दोन्ही टोकांना तिथेच थांबतो. प्रवासी विमानतळाच्या दाराशी कसा आला आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडल्यावर कुठे गेला, हे त्याच्या हिशेबात बसत नाही.

आमच्या बोलण्यात अंतर कधी असे दोन्हीकडून छाटलेले नव्हते. 'हाकेच्या अंतरावर' म्हणताना हाक देणारा आणि ती ऐकून ओ देणारा असे दोघे गृहीत आहेत. 'विडी ओढून होईस्तोवर पोहोचशील' म्हणताना चालणाऱ्याचा दम आणि विडी या दोहोंचे माप आहे, आणि विड्यांच्या उद्योगावर कित्येक घरे चाललेल्या या मुलखात ते माप कुणालाही कळते. कोस मुलखामुलखांत निरनिराळा होता, कारण जमीन निराळी आणि पाय निराळे. 'मजल' म्हणजे एका दिवसाची चाल. ती संपते तिथे मुक्काम. नागपुरात ब्रिटिशांनी उभारलेल्या शून्य मैलाच्या दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी ही नावे मैलांच्या आकड्यांसह कोरलेली आहेत. त्या दगडावर वेळ नाही. घोडा, बैलगाडी की पाय, हे ठरल्याशिवाय वेळ सांगता येत नाही, हे कोरणाऱ्याला ठाऊक असणारच.

काही वर्षांपूर्वी प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकविताना आम्ही पदवीच्या वर्गाला एक साधा प्रश्न विचारला होता : तुमच्या गावापासून हैदराबाद किती दूर आहे? वर्गात दवनीवाडा व आसपासच्या गावांतली मुले बरीच होती आणि प्रश्न हैदराबादचा अशासाठी, की इथून कामाला जाणाऱ्यांचा ओघ नागपूर, रायपूर, पुणे यांच्याबरोबर तिकडेही आहे. एकानेही किलोमीटर सांगितले नाहीत. कुणी 'एक रात' म्हणाले. कुणी 'नागपूर धरून गेलं तर दीड दिवस' म्हणाले. एका मुलीने सांगितले, 'सर, भाऊ दिवाळीलेच येते.' त्या वेळी वर्ग हसला. आम्हांला मात्र ते उत्तर सर्वांत नेमके वाटले, आणि आजही वाटते. तिने अंतर मोजले होते ते जाणाऱ्याच्या बाजूने नव्हे. घरी राहिलेल्याच्या बाजूने. तिच्या मापात वर्षाला एकदा हे एकक होते.

मग २०२२ चा मार्च उजाडला. १३ तारखेला इंदूर–गोंदिया–हैदराबाद अशी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. ज्या धावपट्टीवरून कुठेच जाता येत नव्हते, तिच्यावरून हैदराबाद दोन तासांच्या आत आले. 'उडान' योजनेत सुमारे ५०० किलोमीटरांच्या, एका तासाच्या उड्डाणासाठी ठरावीक आसनांचे भाडे २,५०० रुपयांच्या आसपास धरलेले होते. आमचे हैदराबाद जणू त्या व्याख्येतच बसणारे. गोंदियाच्या बाजारात या गोष्टीचा आनंद झाला आणि तो खोटा नव्हता. काही महिन्यांत ती सेवा थांबली. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या एका कंपनीचे विमान हैदराबाद–गोंदिया असे जाऊ लागले. मधल्या काळात बिरसी आणि शमशाबाद यांच्यामधला दोरा एका सेंटिमीटरनेही लांबला नव्हता. पण हैदराबाद पुन्हा एका रात्रीवर गेले होते. तक्त्यातले अंतर कायम राहते आणि जगण्यातले अंतर असे मागेपुढे होते.

याच मधल्या काळातली एक घटना आम्हांला सांगितली पाहिजे. आमचा एक माजी विद्यार्थी हैदराबादेत एका गोदामात कामाला होता. दवनीवाड्याच्या परिसरातले त्याचे घर. वडील थोडीशी धानाची शेती करीत. एका सकाळी वडील गेले. त्या वेळी गोंदियाचे विमान नव्हते. नागपूरचे विमान होते; पण ऐनवेळचे तिकीट त्याच्या महिन्याच्या पगाराशी स्पर्धा करणारे होते, आणि ते मिळविण्यात उसनवारीची जी जुळवाजुळव करावी लागली असती तिला लागणारा वेळ कोणत्याच तक्त्यात नसतो. तो बसने नागपूरला आला, तिथून रेल्वेने गोंदियाला, आणि शेवटचा टप्पा गावातल्या एका पोराच्या मोटारसायकलवर. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणात उतरला.

बातमी कळताच आम्ही दोघे-तिघे त्या घरी गेलो होतो, म्हणून त्या अवधीचे दुसरे टोक आम्ही पाहिले. सकाळी अकराच्या सुमारास जाणत्यांची बैठक झाली. उन्हाळा होता. 'पोरगा येईस्तोवर थांबू,' एवढेच एक वृद्ध गृहस्थ म्हणाले आणि त्यावर चर्चा झाली नाही. गोंदियाहून बर्फाच्या लाद्या आणल्या गेल्या. संध्याकाळी पुन्हा, पहाटे पुन्हा. त्या दिवशी वस्तीतल्या अनेक घरांत चूल पेटली नाही. मातीला आलेले पाहुणे परत न जाता शेजाऱ्यांच्या ओसऱ्यांवर राहिले. कुणीतरी दर दोन तासांनी त्याला फोन करी आणि तो जे गाव सांगे ते मोठ्याने सगळ्यांना सांगे : आदिलाबाद, मग हिंगणघाट, मग नागपूर. बायका ते नाव ऐकून एकमेकींकडे पाहत. ती नावे म्हणजे त्या अंगणाच्या दृष्टीने स्थळे नव्हती. किती वेळ काढायचा उरला आहे, याचे ते उत्तर होते.

सव्वीस तास एक वस्ती थांबली. मुलाने जेवढे अंतर कापले तेवढेच, न हलता, त्या माणसांनी कापले. प्रवासाचा वेळ हा केवळ प्रवाशाचा असतो, या समजुतीवर सगळे तक्ते उभे आहेत. परंतु प्रत्येक प्रवासाला दुसऱ्या टोकाला कुणीतरी असते आणि तो वेळ त्याचाही असतो. मराठीने हे ओळखून ठेवले आहे. दुसऱ्या कशासाठी आपण 'प्रतीक्षा' म्हणू. पण माणसासाठी 'वाट पाहणे' म्हणतो. वाट म्हणजे रस्ता. येणारा ज्या रस्त्याने यायचा त्या रस्त्याकडे डोळे लावून बसणे. येणाऱ्याचे चालणे आणि थांबलेल्याचे पाहणे एकाच रस्त्यावर घडते, म्हणून ते एकाच अंतराचे दोन व्यवहार आहेत.

विमानाच्या मार्गाला अशी पाहता येण्याजोगी वाट नाही, हा तक्रारीचा मुद्दा आम्ही करीत नाही. विमान असते तर तो मुलगा त्याच दिवशी दिवेलागणीपूर्वी पोहोचू शकला असता आणि बर्फाच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या. वेगाविषयी नाक मुरडणे हा, ज्यांना वेळेवर पोहोचण्याची सोय आहे, अशांचा छंद आहे. वाङ्मयाच्या वर्गांतून बैलगाडीच्या काळाचे जे कढ काढले जातात, ते ऐकताना आम्हांला नेहमी एक प्रश्न पडतो : त्या काळात जे पोहोचू शकले नाहीत त्यांचे काय? १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे दोन-अडीच वर्षांनी घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला आणि आपण तो आवडीने शिकवितो. त्या दोन-अडीच वर्षांत बंडाच्या बातम्या ऐकत घरी बसलेल्यांनी काय सोसले, याचे पुस्तक मात्र कुणी लिहिलेले नाही. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार जवळजवळ सगळाच जाणाऱ्याच्या हातचा आहे. त्या बाबतीत तो विमानतळांच्या तक्त्याचा सख्खा भाऊ शोभतो.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणून आम्हांला आनंदीबाई जोशी आठवतात. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, अठ्ठावन्न दिवस. वय अठरा. तिकडे कार्पेंटरबाई त्यांची वाट पाहत होत्या. दोघींची तोवर भेट नव्हती. होता तो काही वर्षांचा पत्रव्यवहार. पुढे मुंबईहून न्यूयॉर्ककडे मध्ये न थांबता जाणारी विमाने सुरू झाली; सुमारे साडेबारा हजार किलोमीटरांचे ते अंतर साधारण सोळा तासांवर आले. आकड्यांच्या हिशेबाने आनंदीबाई फार दूर गेल्या होत्या आणि आजची मुले तेवढी दूर जात नाहीत. पण १८८६ च्या नोव्हेंबरात डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, आणि त्यांची रक्षा पुन्हा तोच समुद्र ओलांडून कार्पेंटरबाईंकडे गेली. पॉकीप्सी येथील त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. ज्यांनी एका परक्या मुलीची वाट पाहिली, त्यांनी ती आपली म्हणून ठेवून घेतली. अठ्ठावन्न दिवसांचे अंतर होते खरे. पण तिथे कुणी कुणाला अंतर दिले नव्हते.

पत्रांचा विषय निघाला म्हणून आमच्या शेजारच्या नागपूरची एक हकिकत सांगतो. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने संध्याकाळनंतर निघत, मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटे आपापल्या गावी परतत. देशाचे चार कोपरे रोज रात्री आमच्यापासून काही तासांच्या रेल्वेप्रवासावर भेटत होते, आणि तेही झोपलेल्या माणसांची वाट पाहणी संपविण्यासाठी. विमानाचा इतका सार्थ उपयोग फार थोडा झाला असेल.

अंतर आणि वेळ यांचे नाते वाटते तितके सरळही नाही, हे विमानांनीच आपल्याला शिकविले आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना जेवढा वेळ लागतो, त्याहून येताना बराच कमी लागतो. कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणजे तिथे राहणाऱ्या लेकापेक्षा त्याचे घर त्याला जवळ पडते. २०१६ साली दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले गेले. रस्ता हजाराहून अधिक किलोमीटरांनी लांबला आणि वारे पाठीशी घेतल्यामुळे वेळ मात्र घटला. याउलट २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक उड्डाणांना वळसा पडला. शहरे होती तिथेच राहिली आणि प्रवास लांबला. वारा, राजकारण, तिकिटाचा दर, आठवड्यातला वार, एखाद्या कंपनीचा नफा-तोटा हे सगळे मिळून अंतर ठरविते. भूगोल त्यातला एक घटक, आणि तो नेहमीच निर्णायक असतो असे नाही.

बिरसीच्या परिसरातच याचे आणखी एक रूप दिसते. विमानतळ वाढला तेव्हा त्याला लागून असलेल्या गावातल्या लोकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला आणि तो बरीच वर्षे रेंगाळला. धावपट्टीच्या कुंपणाबाहेरचे घर हे त्या विमानतळाच्या सर्वांत जवळचे घर. पण त्या घरातून विमानात बसण्यापर्यंतचे अंतर हैदराबादेतल्या एखाद्या नोकरदाराच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठे असते. तिथून जवळच परसवाडा आणि झिलमिली हे तलाव आहेत. हिवाळ्यात दूरदूरच्या देशांतून पक्षी तिथे उतरतात, आणि महाराष्ट्रात आता मुख्यतः आमच्याच भागात उरलेला सारसही तिथे दिसतो. सारस दूरदेशी जात नाही. धानाच्या बांधीत जोडीने राहतो, जोडीने वावरतो. आमच्या शेतकऱ्यांना या दोन्ही जातींचे पक्षी सारखेच ओळखीचे आहेत, येणारे आणि राहणारे. दोहोंपैकी कोण श्रेष्ठ, असा वाद त्यांच्यात आम्ही कधी ऐकला नाही.

आमच्या वर्गातली मुले यापुढेही जाणारच. जावीत. ज्या मुलीने हैदराबाद दिवाळीच्या मापाने मोजले होते, तिच्यासारख्या मुलींनीही जावे, आणि तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्यांचे अंतर मोजावे. विमाने सुरू होतील, बंद पडतील, पुन्हा सुरू होतील. दवनीवाड्याजवळून वाहणारे वैनगंगेचे पाणी तर कोणत्याही वेळापत्रकाची वाट न पाहता वर्धेला मिळते, प्राणहिता होते आणि तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीत शिरते. दक्षिणेकडे जाण्याची या प्रदेशाची सवय फार जुनी आहे. जाणे रोखण्याची भाषा आम्हांला करायची नाही आणि ती करण्याचा अधिकारही आम्हांला नाही.

आमच्या हाती आहे ते एवढेच, की अंतराची जी बाजू तक्त्यात नाही आणि प्रवासवर्णनातही क्वचितच आहे, ती लिहून घेणे. यंदा आम्ही प्रवासवर्णनाच्या घटकाबरोबर मुलांना एक लेखन देत आहोत. घरातून कुणीतरी दूर गेले आहे. ते परत येईपर्यंतचा एक दिवस, घरी राहिलेल्याच्या बाजूने लिहा. किलोमीटर लिहिले तरी चालतील, तास लिहिले तरी चालतील. मात्र वाट कुणी पाहिली, कुठे बसून पाहिली आणि त्या वेळात कोणते काम केले, हे लिहिल्याशिवाय मजकूर पुरा धरला जाणार नाही. आलेले लेखन मराठीतल्या कोणत्या वाङ्मयप्रकारात बसवायचे, हे आम्हांला अद्याप ठरविता आलेले नाही. ते ठरेल तेव्हा ठरेल. तोवर ही पाने आम्ही जपून ठेवणार आहोत. कारण सव्वीस तास थांबलेल्या त्या वस्तीची नोंद ठेवण्याचे काम आणखी कुणाकडे सोपविलेले आहे, असे आम्हांला दिसत नाही.